ताकिलेच्या पायऱ्या आणि दोन सॅक

तीन वर्षांपूर्वी लातूरच्या एका लहानशा दिवाळी अंकात माझा प्रवासलेख छापून आला होता. त्यात एक वाक्य आहे : ‘शेवटच्या पाचशे पायऱ्या मी दोन सॅक आणि एक व्याही सांभाळत चढलो.’ ते वाक्य लोकांना फार आवडलं. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींपैकी दोघांनी मला ते तोंडपाठ म्हणून दाखवलं. ज्येष्ठ नागरिकांच्या कार्यक्रमात मी ते स्वतःच म्हणत असे, आणि ‘व्याही’ शब्दापाशी जरा थांबत असे, म्हणजे हशा यायला जागा मिळे.

ते वाक्य खोटं आहे. सॅक दोन होत्या, व्याही एक होता, पायऱ्या पाचशेच्या वरच होत्या. पण कुणी कुणाला सांभाळलं ते मी उलटं लिहिलं. आता पंच्याहत्तरी ओलांडली आहे. हे सरळ करायचं ते आताच, आणि जिथं छापलं तिथंच, असं ठरलं. ठरवलं मी नाही, सुनेनं. ते पुढं येईल.

आधी व्याह्यांबद्दल. माझ्या सुनेचे वडील रेल्वेत गँगमन होते. मुदखेड जंक्शनच्या आसपासचा रूळ त्यांनी तीस-बत्तीस वर्षं पायी तपासला. खांद्यावर सब्बल आणि पाना घेऊन रोज सात-आठ किलोमीटर, ऊन असो की पाऊस. शेवटी मुकादम होऊन निवृत्त झाले आणि नांदेडला घर बांधून राहिले. मी मुखेड तालुक्यातल्या शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्तीनंतर लातूरला आलो. ते मला गुरुजी म्हणतात. लग्न ठरवायला आले तेव्हाही माझ्यासमोर खुर्चीवर टेकूनच बसले होते, पूर्ण बसले नव्हते. नंतरही ते तसेच बसत आले.

नांदेडला त्यांचे एक जुने दोस्त आहेत, त्यांच्याच गँगमधले सरदारजी. ते दर दोन-तीन वर्षांनी हेमकुंडला जातात. हिमालयातलं ते बर्फाचं तळं, काठावरचा गुरुद्वारा, याबद्दल व्याह्यांनी वीस वर्षं ऐकलं. यंदा सरदारजी म्हणाले, “गुडघे बोलू लागले. ही माझी शेवटची वारी. या वेळी तू चलच.” व्याह्यांना जायचं होतं. फार जायचं होतं. आणि ते अडलं होतं माझ्या एका वाक्यामुळे. आमच्या घरात सगळ्यांची पक्की समजूत होती की उंचावर गेलं की व्याही पडतात.

त्याची सुरुवात अशी. मुलगा कंपनीच्या कामासाठी दोन वर्षं पेरू देशात, लिमा शहरात होता. सुनेला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण माहेर नांदेडला, आणि एवढा प्रवास डॉक्टरांनी नको सांगितला. मग माहेरच लिमाला गेलं. विहीणबाई डिंकाचे लाडू आणि खारीक-खोबरं घेऊन निघाल्या, सोबतीला व्याही. माझ्या पत्नीला गुडघ्यांमुळे एवढा वेळ विमानात बसवत नव्हतं. ती म्हणाली, “तुम्ही जा. तुमचं ते टिटिकाका तिकडंच आहे ना?”

टिटिकाका ही माझी शाळेतली ओळख. समुद्रसपाटीपासून तीन हजार आठशे मीटरवरचं सरोवर, मोठ्या बोटी चालणारं. दर वर्षी तो धडा आला की वर्गातून एक तरी प्रश्न यायचा, “गुरुजी, हे कोणाचे काका?” पुढंपुढं पोरं पाठीमागं मलाच टिटिकाका म्हणू लागली. नकाशावर छडी टेकवून मी ते सरोवर किती वेळा दाखवलं असेल. पाहिलं मात्र नव्हतं.

नातू झाला, बाळ-बाळंतीण सुखरूप होते, आणि लिमातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात आम्ही दोन म्हातारे सारखे कुणाच्या तरी पायात येऊ लागलो. विहीणबाई धुरी घेऊन निघाल्या की आम्ही बाल्कनीत. बाल्कनीत लंगोट वाळत घालायचे की आम्ही जिन्यात. विसाव्या दिवशी सून म्हणाली, “मामा, बापू, तुम्ही दोघं कुठंतरी फिरून या ना.” मुलानं बसची तिकिटं काढली, दोन सॅक दिल्या, एका कागदावर स्पॅनिशमध्ये दहा वाक्यं लिहून दिली. त्यातलं पहिलं ‘आम्ही मांस खात नाही’ आणि शेवटचं ‘माझ्या मुलाला फोन करा’.

सॅक भरताना मी मास्तरासारखाच वागलो. शाळेचा मोठा नकाशासंग्रह घेतला, कारण सरोवराच्या काठी तो उघडून फोटो काढायचा होता. शेंगदाण्याची चटणी, धपाटे, थर्मास, दोन स्वेटर, दुर्बीण. सॅक चौदा किलो भरली. व्याह्यांनी एक धोतर, एक शाल, टॉवेल आणि लोटा घेतला. पिशवी निम्मी रिकामीच होती.

पुनो हे सरोवराकाठचं गाव. तिथं विरळ हवेची सवय व्हावी म्हणून दोन दिवस राहिलो. तिसऱ्या दिवशी ताकिले बेटाची बोट. ती आमची चुकली. धक्क्यापासून बोटीपर्यंत एक फळी टाकलेली होती, एकावेळी एक माणूस जाईल एवढी.

“चला गुरुजी, तुम्ही पुढं.”

“अहो, तुम्ही चढा. मी येतो मागून.”

“असं कसं? तुमचा मान हाय.”

“वयानं तुम्ही मोठे.”

“दीड महिन्यानं! त्याला मोठं म्हणतेत व्हय?”

एवढ्यात मागून आलेलं एक जोडपं आमच्यामधून सरळ फळीवर गेलं. जागा भरल्या, नावाड्यानं फळी ओढून घेतली. आम्ही एकमेकांना हात दाखवत तसेच उभे. दुसरी बोट दीड तासानं होती. त्या वेळी व्याही म्हणाले, “आता फळी टाकली की मी डोळे झाकून तुम्हाला ढकलतो. पाप लागलं तर लागू द्या.”

तीन तास बोटीत होतो. मी आयुष्यभर ज्या सरोवराला निळ्या खडूनं रंगवलं, ते खडूपेक्षा कितीतरी जास्त निळं होतं. मांजरा नदीचं उन्हाळ्यातलं पात्र पाहिलेल्या माणसाला एवढं पाणी पाहून काय वाटतं ते सांगणं अवघड आहे. व्याह्यांनी लोटा बुडवला, चूळ भरली आणि म्हणाले, “गोडं हाय हो!” मला हे पुस्तकातून माहीत होतं, पण चव त्यांनी आधी घेतली.

बेट पाण्यातून उभं वर उठलेलं. धक्क्यापासून गावापर्यंत दगडी पायऱ्या, वळणं घेत जाणाऱ्या. गाडी नाही, गाढवही दिसलं नाही. बेटावरचे पुरुष चालता चालता टोप्या विणत होते, बायका सूत काततात तितक्या सहज. व्याही त्यांच्याकडं बघून म्हणाले, “आमच्या घरी कळू देऊ नका. उद्यापासून हातात सुया येतील.”

पहिल्या पायरीशीच त्यांनी हात पुढं केला.

“गुरुजी, सॅक इकडं द्या.”

“राहू द्या हो. एवढी काही जड नाही.”

“जड-हलक्याचा सवालच न्हाई. वरबापाच्या पाठीवर ओझं अन् मी हात हलवत चालू? नांदेडात कळलं तर लोक काय म्हणतील?”

“नांदेडात कोण सांगणार आहे?”

“मला तर कळून राहिलं ना!”

आमच्याकडची रीत जुनी आहे. मुलाचा बाप एसटीतून उतरला की मुलीच्या बापानं पुढं होऊन पिशवी घ्यायची. मुलाच्या बापानंही दोनदा नाही म्हणायचं असतं. मी एकदाच म्हटलं. खरं सांगायचं तर तेव्हा मला काही होत नव्हतं. सॅक मला सहज पेलली असती, निदान अर्ध्या वाटेपर्यंत. पण अकरा वर्षं हे व्याही माझी पिशवी घेत आले होते. मी खांद्यावरून पट्टा उतरवला आणि त्यांनी माझी सॅक पुढं छातीवर अडकवली, स्वतःची पाठीवर होतीच.

ते पायऱ्यांकडं रुळाकडं पाहावं तसं पाहत होते. एखाद्या दगडावर टाच आपटून म्हणायचे, “हा बसलाय नीट. हा हलून राहिला.” मला म्हणाले, “गुरुजी, घाई न्हाई. रुळाखालचे स्लीपर मोजल्यागत चला. एक पाय, एक श्वास. एक पाय, एक श्वास. बोलायचं न्हाई.” मी मास्तर. बोलायचं नाही हे मला कुठं जमतं? मी त्यांना अँडीज पर्वत कसा तयार झाला ते सांगत निघालो. भूपट्ट एकमेकांवर आदळले इथपर्यंत आलो, आणि माझंच डोकं आतून आदळू लागलं. दोनशे-सव्वादोनशे पायऱ्या झाल्या असतील. मी कडेच्या दगडावर बसलो.

त्यांनी थर्मासमधलं पाणी पाजलं. मग म्हणाले, “तुम्ही इथंच बसा. मी सामान वर टाकून येतो.” दोन्ही सॅक घेऊन ते वर गेले. तीन हजार आठशे मीटरवर एकाहत्तर वर्षांचा माणूस उरलेल्या तीनशे पायऱ्या चढून गेला, सामान ठेवून खाली आला, माझ्या काखेत हात घातला आणि मला घेऊन त्याच पायऱ्या पुन्हा चढला. वर दगडी कमान आहे, तिच्यापलीकडं चौक. चौकातल्या बाकावर मी बसलो. व्याह्यांनी बाजूच्या ओट्यावर शाल अंथरली, “गुरुजी, दहा मिनटं पडतो,” म्हणाले आणि घोरू लागले.

एका परदेशी मुलीनं आमचा फोटो काढून मला पाठवला. फोटोत व्याही आडवे आहेत, तोंडावर टॉवेल. मी शेजारी ताठ बसलोय, आणि दोन्ही सॅक माझ्या पायाशी. तो फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं : ‘व्याह्यांना चक्कर. काळजी नसावी, दोन्ही सॅक मी आणल्या.’

का लिहिलं? गंमत म्हणून, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. फोटो तसा दिसत होता, हेही सांगितलं. खरं एवढंच की मुलगा काळजीनं बघत असणार, आणि त्याचा बाप दगडावर बसून राहिला हे त्याला कळायला नको होतं. व्याही उठले, मी त्यांना दाखवलं. त्यांनी वाचलं, हसले, म्हणाले, “झ्याक फोटो आलाय.” त्या रात्री आम्ही एका विणकराच्या घरी राहिलो, बटाटे आणि गरम सूप जेवलो, त्यांनी त्या घरातल्या म्हाताऱ्याकडून टोपीचे दोन टाके शिकून घेतले. पुढचा दिवस फार सुखाचा गेला. नकाशासंग्रह उघडून फोटो काढला. त्या दिवसाची दोन पानं जुन्या लेखात आहेत, ती खरी आहेत.

भारतात परत आल्यावर मात्र त्या चार शब्दांना पाय फुटले. विहीणबाईंनी व्याह्यांची सायकल शेजाऱ्याला देऊन टाकली. नांदेडच्या डॉक्टरांनी हृदय तपासलं, काही निघालं नाही, तर सून म्हणाली, “मशिनला काय कळतं?” भाजी आणायला गेले आणि अर्धा तास झाला की फोन. रुळावर आयुष्य काढलेला माणूस अंगणात फेऱ्या मारू लागला. मी नांदेडला गेलो की हे बघायचो, चहा प्यायचो आणि लातूरला यायचो. आणि वर तो लेख लिहिला.

यंदा मे महिन्यात मुलगा-सून सुट्टीला लातूरला आले, व्याही-विहीण केशर आंब्याची पेटी घेऊन आले. जेवणं झाली. व्याही आंबा पिळत होते तेवढ्यात सरदारजींचा फोन. नाव नोंदवायची शेवटची संध्याकाळ होती. व्याह्यांनी फोन कानाला लावूनच लेकीकडं पाहिलं.

सून म्हणाली, “बापू, विषय संपलाय. तुम्ही तिकडं तीन हजार आठशेवर पडला होतात. हेमकुंड चार हजाराच्या वर आहे. माझ्याकडं फोटो आहे.”

“बरं बाई,” ते म्हणाले. फोनवर म्हणाले, “न्हाई जमत दोस्ता.” आणि पुन्हा आंबा पिळू लागले. त्या आंब्यात काही राहिलं नव्हतं. कोय हातात होती आणि ते ती पिळत होते.

“त्या फोटोचं असं आहे…” मी सुरुवात केली.

“मामा, तुम्ही यात पडू नका. तुम्ही सोबत होतात म्हणून बापू त्या दिवशी वाचले.”

यानंतर मला गप्प बसता आलं नाही. सगळं सांगितलं. सॅक कुणी घेतल्या, दगडावर कोण बसलं, पायऱ्या दोनदा कोण चढलं. पत्नीनं आमटीचं पातेलं हातात घेतलेलं तसंच धरून ठेवलं. मला हलकं वाटणार एवढ्यात व्याही म्हणाले, “न्हाई न्हाई! गुरुजी माझ्यासाठी बोलून राहिले. मन मोठं हाय त्यांचं. मलाच चक्कर आली होती.”

“बघा!” सून म्हणाली.

मी खोटं बोललो तेव्हा सगळ्यांचा विश्वास बसला होता. खरं बोललो तर एकाचाही बसेना, आणि साक्षीदारच फितूर. शेवटी मी उठून उभा राहिलो, शाळेत तपासनीस आल्यावर उभा राहायचो तसा.

“व्याहीबुवा, वरबापाचा शब्द तुम्ही आजवर मोडलाय का?”

“न्हाई जी.”

“मग हा शब्द समजा. त्या पायऱ्यांवर काय झालं ते या सगळ्यांसमोर सांगा.”

ते अडचणीत पडले. बायकोकडं पाहिलं. विहीणबाई म्हणाल्या, “सांगा की! मला तवाच वाटलं हुतं. बत्तीस वर्षं चाललेला माणूस असा कसा पडंल?”

“समदं सांगू, गुरुजी?”

“सगळं.”

“समदं म्हंजे… समदं?”

इथं मी सावध व्हायला हवं होतं. “हो, सगळं,” म्हणालो.

व्याह्यांनी हात धुतले, खुर्चीत मागं सरकून पूर्ण बसले आणि बोलू लागले. मी जे सांगितलं होतं, आणि तुम्हालाही आतापर्यंत सांगितलं आहे, ते त्यांनी दोन मिनिटांत संपवलं. मग पुढं निघाले.

“तर गुरुजी दगडावर बसले अन् म्हणाले, मला मुखेडला नेऊन सोडा. म्हटलं, गुरुजी, मुखेडची एसटी इथून न्हाई. तर म्हणाले, मग पहिली बोट तुम्हीच का चुकवली? ती गाठली असती तर ऊन कमी असतं! अन् डोळ्यांत पाणी. मी घाबरलो. शुद्ध हाय का न्हाई कसं बघावं? मी म्हटलं, गुरुजी, सतराचा पाढा म्हणा. सतरा सक्कं पस्तोर झ्याक म्हणाले. सातव्या घरात गाडी थांबली ती थांबलीच.”

मुलगा टेबलावर डोकं टेकवून हसत होता. माझी पत्नी, जिनं पन्नास वर्षं माझा पाढ्यांचा तोरा सोसला, ती पदरात तोंड घालून भिंतीकडं वळली.

“वर चढवताना शेवटच्या वळणावर पुन्हा बसले. तर तिथली एक म्हातारी, आपल्या मायच्या वयाची असंल, पाठीवर बटाट्याचं गाठोडं घेऊन येऊन राहिली. तिनं एक हात यांच्या पाठीला लावला अन् वासराला गोठ्यात घालावं तसं लोटत लोटत कमानीपस्तोर आणलं. गुरुजींनी वर जाऊन तिला हात जोडले अन् काय म्हणाले माहीत हाय? बाई, तुमची बदली आमच्या शाळेत व्हायला पाहिजे!”

हे मला अजिबात आठवत नाही. पण त्यांना आठवतं, आणि त्यांच्या शब्दाविरुद्ध बोलायचा अधिकार मी गमावलेला आहे.

ते तासभर बोलत होते. एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मधेच सुनेनं विचारलं, “बापू, मग एवढी वर्षं गप्प का बसलात? सायकल गेली, फिरणं गेलं, तरी?”

“तू या घरात हायस ना,” व्याही म्हणाले.

सून उठून आत गेली. मला वाटलं, आता ती पुष्कळ वेळ बाहेर येणार नाही. पण लगेच आली, डोळे पुसलेले होते. माझ्यासमोर उभी राहिली. “मामा, हे तुम्ही चुकलात.” मी हो म्हणालो. ती म्हणाली, “मला वाटत होतं मी बापूंची काळजी घेतेय. तुमच्या एका ओळीवर मी त्यांना कोंडून ठेवलं. जिथं छापलंत तिथंच खरं लिहून द्यायचं. सगळं. म्हातारीसकट.” मग वडिलांकडं वळून म्हणाली, “लावा फोन सरदारकाकांना. लातूरच्या डॉक्टरांना दाखवायचं, ते हो म्हणाले तर जायचं.”

“मीपण जाऊ का सोबत?” मी विचारलं.

“तुम्ही नाही,” सून, पत्नी आणि विहीणबाई एकदम म्हणाल्या.

डॉक्टरांनी व्याह्यांना मशिनच्या सरकत्या पट्ट्यावर चालायला लावलं आणि शेवटी तेच म्हणाले, “काका, आता थांबा, मला पुढचे पेशंट आहेत.” जूनमध्ये नांदेडहून दोघं दोस्त निघाले. मी हा लेख लिहायला घेतला. चार वेळा फाडला. प्रत्येक वेळी माझी बाजू थोडी बरी दिसेल अशी एखादी ओळ आत शिरत होती आणि ती काढताना सगळं पानच जायचं.

काल संध्याकाळी फोन आला. मागं पुष्कळ माणसं बोलत होती, भांड्यांचा आवाज होता.

“गुरुजी, वर जाऊन आलो. आता खाली लंगरात बसलोय.”

“श्वास कसा आहे?”

“बोलून राहिलो ना! दोस्ताचे गुडघे दुखले शेवटी, त्याची पिशवी मी घेतली. तुमचा लेख कुठवर आला?”

“संपत आलाय.”

“सतराचा पाढा घातला का त्यात?”

“घातला.”

“अन् म्हातारी?”

“तीही आहे.”

“मंग पाठवून द्या,” व्याही म्हणाले.